"कुठलं चित्र?" नगरची तोफ, मुंबईचा घोडा आणि शहराच्या कलेची नोंदवही

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली थोडी पाल्हाळ कापली आहे, बाकी जसं बोलले तसंच.)



आजची गोष्ट एका भिंतीपासून सुरू होते. २०१७ साल. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. स्वच्छ सर्वेक्षणाचे दिवस होते, गावोगावी भिंती रंगवायची लाट आलेली. आम्ही चौघा मित्रमैत्रिणींनी ठरवलं, आपणही एक भिंत रंगवू. नगरचा किल्ला, खंदक, वर उडणारे पोपट, असं चित्र. रंगाचे पैसे आमचेच, ब्रश आमचे, चार रविवार उन्हात उभं राहिलो. परवानगी घेतली होती, पण कशी? तोंडी. "हां हां, करा की" अशी.

सव्वा वर्षाने सुट्टीत घरी आले तर भिंत पांढरी! वर एका क्लासची जाहिरात. मी तावातावाने संबंधित कार्यालयात गेले. (कुठलं ते सांगत नाही, तो आजचा मुद्दाच नाही.) टेबलामागच्या काकांनी शांतपणे विचारलं, "कुठलं चित्र?"

मी म्हटलं, "अहो काका, किल्ल्याचं. त्या भिंतीवर होतं ना!"

"अर्ज क्रमांक आहे का? तारीख? पत्र?"

काहीच नव्हतं. माझ्या फोनमध्ये तीन फोटो होते, त्यातल्या दोनात आम्हीच जास्त दिसत होतो. तेव्हा प्रचंड राग आला होता. आता नोकरीला लागून काही वर्षं झाल्यावर वाटतं, काका बरोबर होते. दप्तरात जे नाही, ते कार्यालयासाठी कधी नव्हतंच. आणि चूक आमचीही होती. ते चित्र किती दिवस ठेवायचं, रंग उडाले तर कोण भरणार, हे आम्ही तरी कुठे ठरवलं होतं?

तर आजचा प्रश्न हाच. शहराच्या रस्त्यावर, चौकात, भिंतीवर जी कला असते, पुतळे, शिल्पं, चित्रं, उत्सवातले देखावे, तिचा हिशोब कोण ठेवतं? आणि नाही ठेवला तर काय होतं? उत्तर शोधायला आपण नगरहून निघू, विजापूर आणि मुंबई करून मालवणला जाऊ आणि परत घरी येऊ.

दीडशे रुपयांची तोफ

मागच्या वर्षी बाबांबरोबर विजापूरला गेले होते. गोलघुमट बघून झाला, मग गाईडकाका आम्हाला एका बुरुजावर घेऊन गेले. वर 'मुलुख-ए-मैदान' तोफ. नाव ऐकलं होतं, पण समोर उभं राहिल्यावर कळतं की ही नुसती तोफ नाही, शिल्प आहे. साधारण चौदा फूट लांब, वजन ५५ टनांच्या आसपास. तोंडाच्या जागी सिंहासारख्या पशूचा आ वासलेला जबडा, आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. तांबं आणि कथील यांचं मिश्रण, म्हणजे घंटा ज्याची करतात तसा धातू. काकांनी टिचकी मारून दाखवली, खरंच खणखणते.

मग ते सहज म्हणाले, "ही तुमच्याकडचीच. अहमदनगरला ओतलेली."

बाबा माझ्याकडे बघतात, मी बाबांकडे. आम्ही नगरचे, आणि आम्हाला कोणी शाळेत हे सांगितलं नव्हतं.

पण हे आपल्याला माहीत आहे ते कशामुळे? तोफेवरच कोरलेलं आहे म्हणून. ओतणाऱ्याचं नाव मुहम्मद बिन हुसेन रूमी. राजाचं नाव बुरहान निजामशाह. साल हिजरी ९५६, म्हणजे १५४९. कोणी, कोणासाठी, कधी, सगळं कलाकृतीच्या अंगावरच. आम्ही कोडमध्ये वर दोन ओळी लिहितो ना, कोणी लिहिलं, कधी लिहिलं, तसंच. पावणेपाचशे वर्षं झाली, ती ओळ अजून वाचता येते. माझ्या भिंतीवरच्या चित्राखाली आम्ही नावसुद्धा टाकलं नव्हतं.

पुढे ही तोफ परांड्याच्या किल्ल्यात गेली, आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात. १६३२ साली आदिलशाहीचा सरदार मुरार पंडित ती जिंकून विजापूरला घेऊन गेला. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं, तर त्यानेही त्या विजयाचा लेख तोफेवर कोरून घेतला. मालक बदलत गेले, नोंदी वाढत गेल्या.

आता खरी गंमत ऐका. इंग्रजांच्या काळात ही तोफ इंग्लंडला न्यायचा विचार झाला, पण तेव्हाच्या रस्त्यांवरून एवढं धूड बंदरापर्यंत नेणं जमण्यासारखं नव्हतं. मग १८५४ मध्ये जुन्या, निरुपयोगी वस्तू विकून टाकायचं ठरलं. तोफेचा लिलाव पुकारला. सगळ्यात मोठी बोली किती? दीडशे रुपये! भंगारवाल्याच्या हिशोबाने बघितलं तर एवढी जड वस्तू उचलून नेणार कशी, म्हणून किंमत कमी. पण लिलाव करणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्याला हे पटलं नाही. त्याने वर कळवलं की बोली फारच कमी आहे, आणि ही वस्तू साधी नाही. विक्री रद्द झाली.

विचार करा, एक कागद. एका माणसाने वर पाठवलेला एक कागद, आणि आज ती तोफ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात उभी आहे. तो कागद गेला नसता तर तिची भांडी झाली असती.

पाटी नसली की गोष्ट पाटी बनते

आता नगरला परत येऊ. पाथर्डी रस्त्याने गेलं की डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत दिसते. काय म्हणतो आपण तिला? चांदबिबीचा महाल. शाळेची सहल, पावसाळ्यातली बाईक राईड, प्री-वेडिंग शूट, सगळं तिथे. पण तो महालही नाही आणि चांदबिबीचाही नाही. ती सलाबतखानाची कबर आहे. निजामशाहीतला मोठा मंत्री, फराहबागेचं काम १५८३ मध्ये पूर्ण केलं तो हाच.

मला लोकांच्या नावाची चेष्टा करायची नाहीये. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मुघलांपासून किल्ला लढवला, तिच्यावर नगरचा जीव आहे, म्हणून सगळ्यात उंच जागा तिच्या नावाने झाली. हेही छानच आहे. पण यात सलाबतखान पुसला गेला. माणसाने स्वतःच्या कबरीसाठी अख्खा डोंगरमाथा निवडला, आणि लोक तिथे दुसऱ्याच्या नावाने सेल्फी काढतात. नोंद लोकांपर्यंत पोचली नाही, की ती जागा गोष्ट घेते. आणि गोष्ट एकदा बसली की उठत नाही.

याच्या उलटं उदाहरणही नगरमध्येच आहे. रणगाडा संग्रहालय. लष्कराने १९९४ मध्ये सुरू केलेलं. तिथे प्रत्येक रणगाड्यापुढे पाटी असते: नाव, देश, काळ. पॅटन रणगाड्यापुढे उभं राहिलं की १९६५ च्या युद्धातून तो इथे कसा आला, हे कळतं. उन्हापावसात उभी असलेली कित्येक टनांची लोखंडी वस्तू कशी सांभाळायची, हे तिथे बघावं. का जमतं त्यांना? कारण प्रत्येक वस्तूची यादी असते, आणि प्रत्येक वस्तूला कोणीतरी जबाबदार माणूस असतो. लष्कराची सवयच ती.

आता आपल्या चौकातल्या पुतळ्याला हाच प्रश्न विचारा. शिल्पकार कोण? धातू कुठला? आतला सांगाडा शेवटचा कधी तपासला? चौथऱ्यावर बहुतेक वेळा अनावरण कोणाच्या शुभहस्ते झालं, प्रमुख पाहुणे कोण, अध्यक्ष कोण, हे सगळं मोठ्या अक्षरात असतं. ज्याने पुतळा घडवला त्याचं नाव शोधायला खाली वाकावं लागतं, कधी ते नसतंच.

घोडा राहिला, स्वार गेला

नोंद असली की वस्तू हलवतासुद्धा येते. म्हणजे कसं? मुंबईला जाऊ.

'काळा घोडा' हा भाग सगळ्यांना माहीत आहे. पण कित्येक वर्षं तिथे घोडाच नव्हता! मूळ पुतळा होता ब्रिटिश युवराजाचा, जो पुढे सातवा एडवर्ड झाला. तो १८७५-७६ मध्ये भारतात येऊन गेला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी हा अश्वारूढ पुतळा करवून घेतला. शिल्पकार बोएम, १८७९ मध्ये अनावरण. स्वातंत्र्यानंतर, महाराष्ट्र राज्य झाल्यावर, साहजिक प्रश्न आला की परक्या राजाचा पुतळा आपल्या चौकात का? १९६५ मध्ये तो हलवला.

इथे तीन पर्याय होते. वितळवून टाका, तसाच ठेवा, किंवा जागा बदला. मुंबईने तिसरा निवडला. तो पुतळा आज भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. चौकातला मान काढून घेतला, पण वस्तू जपली. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. राग होता, तो चुकीचा नव्हता, पण रागाच्या भरात दप्तर जाळलं नाही.

त्याच आवारात एक दगडी हत्ती आहे. हा घारापुरीचा हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' नाव दिलं. १८६४ मध्ये तोही इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. तुकडे मुंबईत आणून ठेवले आणि पन्नास वर्षांनी, १९१४ मध्ये, पुन्हा जोडले. पन्नास वर्षं कोणीतरी ते दगड "हे त्याच हत्तीचे" म्हणून सांभाळले, म्हणून जोडता आले. नाहीतर कुठल्या तरी बांधकामाच्या पायात गेले असते.

काळ्या घोड्याकडे परत. पुतळा गेला, नाव राहिलं. १९९९ पासून तिथे काळा घोडा कला महोत्सव भरतो. नऊ दिवस रस्त्यावर मोठमोठ्या मांडण्या उभ्या राहतात, लोक येतात, फोटो काढतात आणि नऊ दिवसांनी सगळं उतरवतात. रस्ता पुन्हा गाड्यांचा. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, पण त्याच्यावर स्वार नाही. एका वादावर याहून चांगलं उत्तर मला तरी सुचत नाही.

दहा दिवसांची कला आपल्याला बरोबर जमते

म्हणजे सार्वजनिक कलेचे दोन प्रकार झाले. एक कायमची, दुसरी ठरलेल्या दिवसांपुरती. आपल्याला वाटतं कायमची सांभाळणं अवघड आणि तात्पुरती सोपी. पण जरा गंमत बघा, तात्पुरती कला महाराष्ट्र जगाला शिकवू शकतो.

गणेशोत्सव घ्या. १८९० च्या दशकापासून सार्वजनिक रूपात चालू आहे. मंडपाला परवानगी लागते, पोलिसांची, महापालिकेची. विजेची सोय, आगीची काळजी, रस्ता किती मोकळा ठेवायचा, सगळ्याचे अर्ज. देखाव्याचा खर्च वर्गणीच्या वहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटची तारीख पहिल्याच दिवशी ठरलेली असते. अनंत चतुर्दशी. नगरला मानाचा पहिला गणपती माळीवाड्याचा श्री विशाल गणेश, त्याच्यामागे बाकीची मंडळं, हा क्रम कोणाला विचारावा लागत नाही. तीच गोष्ट नगरच्या मोहरमची. कोठल्याची सवारी, ताबूत, कागद आणि बांबूची ती नाजूक कलाकुसर. कधी बसणार, कधी उठणार, मान कोणाचा, पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. हिंदू-मुसलमान दोघं त्यात असतात.

इथेही प्रश्न आहेतच. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती पाण्यात विरघळत नाहीत, त्यावरून किती वर्षं कोर्टकचेरी चालू आहे. म्हणजे "उतरवल्यानंतर त्या वस्तूचं काय?" हा प्रश्न उरतोच. पण निदान त्यावर आपण भांडतो तरी. कोणाची जबाबदारी, हे विचारतो.

लंडनमध्ये ट्रॅफल्गर चौकात चार चौथरे आहेत. चौथा १८४१ पासून रिकामा, कारण राजाच्या पुतळ्याला पैसे कमी पडले. १९९९ पासून त्यावर आळीपाळीने समकालीन शिल्पं ठेवतात. काही काळ एक, मग दुसरं. लोक कौतुक करतात, शिव्या देतात, पण सगळ्यांना माहीत असतं की हे जाणार आहे. आपल्या मंडळांना ही कल्पना समजावून सांगायची गरजच नाही. आपण दरवर्षी तेच करतो.

सहा दिवस

आता अवघड भाग. कायमची कला.

४ डिसेंबर २०२३. नौदल दिन. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४, पुतळा कोसळला. नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. त्या दिवशी व्हॉट्सॲपवर तो फोटो आला तेव्हा माझ्या ऑफिसमध्ये मराठी मुलं गप्प झाली होती. तुमच्याकडेही तसंच झालं असेल.

दोष कोणाचा हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे, त्यात मी जात नाही. मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली: पुतळा पडायच्या सहा दिवस आधी, २० ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम विभागाने नौदलाला पत्र लिहिलं होतं की पुतळ्याचे नट-बोल्ट गंजलेत. म्हणजे कोणीतरी बघितलं होतं. कोणीतरी लिहिलंही होतं. दुसरी: कला संचालनालयाने नंतर सांगितलं की त्यांनी मान्यता दिली होती ती सहा फुटांच्या मातीच्या नमुन्याला.

१८५४ चा तो विजापूरचा कागद आठवा. तिथेही एका अधिकाऱ्याने वर कळवलं, आणि वस्तू वाचली. इथेही कळवलं, पण वस्तू वाचली नाही. फरक कशात आहे? मला वाटतं यात, की पत्र मिळाल्यावर त्याच दिवशी शिडी लावून वर चढायचं काम नक्की कोणाचं, हे आधीच ठरलेलं हवं. आमच्याकडे सिस्टिमने अलर्ट दिला आणि तो कोणाच्याच फोनवर गेला नाही, तर तो अलर्ट नसल्यासारखाच.

नियम नाहीत असं नाही हां. महाराष्ट्र सरकारने मे २०१७ मध्ये पुतळ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, स्थानिक संस्थेचा ठराव, देखभालीची जबाबदारी कोणाची, हे सगळं त्यात आहे. त्याआधी २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सार्वजनिक रस्त्यांवर आणि फुटपाथवर नव्या पुतळ्यांना परवानगी देऊ नका असंही सांगितलं. पण हे सगळं बसवण्याआधीचं. बसवल्यानंतर? राजकोटला २०२५ मध्ये नवा, आणखी मोठा पुतळा उभा राहिला, आणि या वेळी निविदेतच दहा वर्षांच्या देखभालीची अट होती. एवढी साधी गोष्ट लिहायला आपल्याला आधी एक पुतळा पडावा लागला.

धातूचा पुतळा म्हणजे अमर, असं आपण धरून चालतो. पण आत लोखंडी सांगाडा असतो. फटीतून पाणी जातं, आत गंज धरतो, बाहेरून काही दिसत नाही. समुद्राजवळ खारा वारा, आपल्याकडे धूळ, धूर आणि पक्ष्यांची विष्ठा. जयंतीच्या आदल्या रात्री टँकर येतो, पुतळा धुतात, सकाळी हार. ती आपली देखभाल. श्रद्धेने होते, मनापासून होते, पण ती वरवरची. आत बघायला श्रद्धा पुरत नाही, तंत्रज्ञ लागतो आणि वही लागते.

मग आपण काय करायचं?

वहीत असतं तरी काय? प्रत्येक पुतळ्याला, शिल्पाला, भित्तिचित्राला एक क्रमांक. जागा, कलाकार, साल, माप, माध्यम. परवानगी कोणी दिली. मालक कोण, सांभाळणार कोण, ही दोन वेगळी नावं असू शकतात. शेवटची तपासणी कधी, पुढची कधी. दरवर्षी चारही बाजूंनी फोटो. आणि तात्पुरतं असेल तर उतरवण्याची तारीख, खर्च कोणाचा आणि त्या सामानाचं पुढे काय. बास. एका साध्या एक्सेलमध्ये मावेल.

ब्रिटनमध्ये आर्ट यूके नावाच्या संस्थेने देशभरातल्या रस्त्यांवरच्या शिल्पांची अशी नोंद केली. फोटो कोणी काढले? बरेचसे स्वयंसेवकांनी. आपल्यासारख्याच लोकांनी, कॅमेरे घेऊन फिरून.

आणि नगरमध्ये नोंदवायला कमी आहे का? महावीर कलादालनात प्रमोद कांबळे यांनी पेन्सिलने काढलेलं शेकडो थोर माणसांचं भलंमोठं चित्र आहे. पेन्सिल! मोठं झालेलं शहर, नवीन पूल, नवीन चौक, नवीन पुतळे. जिल्ह्याचं नावही आता अहिल्यानगर झालंय. नावं बदलतात तेव्हा जुन्या पाट्या निघतात, नव्या लागतात. नेमका हाच काळ जपून नोंदी करायचा असतो. पाटी काढताना तिच्यावर काय लिहिलं होतं, ते टिपून घेतलं तर पन्नास वर्षांनी कोणाला तरी हत्तीचे तुकडे जोडता येतील.

मी सुरुवात केली आहे. मागच्या महिन्यात दोन शनिवार नगरला आले आणि बाबांना स्कूटरवर मागे बसवून सावेडी ते माळीवाडा फिरले. एकोणीस जागा झाल्या. त्यातल्या अकरा ठिकाणी शिल्पकाराचं नाव सापडलं नाही. एका चौकात पानटपरीवाल्या काकांनी सांगितलं की पुतळा आणला त्या दिवशी ट्रक कुठून आला होता, ते त्यांना आठवतं. ते मी लिहून घेतलं. बाबा म्हणाले, "अगं, हे कोण वाचणार?" मी म्हटलं, "माहीत नाही बाबा. पण पुढच्या वेळी कोणी 'कुठलं चित्र?' म्हणालं, तर दाखवायला तरी काही असेल."

तुमच्या घरापासून सगळ्यात जवळ जो पुतळा किंवा जे भित्तिचित्र असेल, तिथे या रविवारी जा. फोटो काढा, तारीख टाका, चौथऱ्यावर जे लिहिलंय ते टाइप करून ठेवा. कोणी घडवलं ते सापडतं का बघा. दहा मिनिटांचं काम आहे. आमच्या त्या भिंतीसाठी आम्ही एवढं केलं असतं, तर आज मी तुम्हाला ते चित्र दाखवलं असतं. आता नुसतं सांगावं लागतंय.